उपेक्षा आणि उपेक्खा

‘आमची फार उपेक्षा झाली’ एवढं म्हटलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. रस्ता न झालेल्या वाडीच्या निवेदनात हा शब्द असतो, म्हाताऱ्या नटाच्या मुलाखतीतही असतो. श्री. म. माट्यांनी पुस्तकाला ‘उपेक्षितांचे अंतरंग’ हे नाव दिलं, तेव्हा हे उपेक्षित कोण असा प्रश्न कुणाला पडला नसेल. म्हणूनच बौद्ध साधनेतले चार ब्रह्मविहार, म्हणजे जोपासायच्या चार मनोवृत्ती, पहिल्यांदा वाचताना मी अडखळलो. मैत्री, करुणा, मुदिता, आणि चौथी उपेक्षा?

पालीत ती उपेक्खा. बोधीकडे नेणाऱ्या सात अंगांत (बोध्यंगांत) आणि थेरवादाच्या दहा पारमींत, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांत, तिचा क्रमांक शेवटचा, म्हणजे आधीचं सगळं साधल्यावर येणारी. शब्द मात्र तोच: ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. परीक्षा, प्रतीक्षा, समीक्षा, निरीक्षण ही सगळी याच धातूची लेकरं. अपेक्षा तर सख्खी बहीण. विपश्यनेतही पाहणंच आहे, फक्त धातू वेगळा.

मग जवळून पाहणाऱ्या शब्दाला दुर्लक्षाचा अर्थ कसा चिकटला? संस्कृतातच तो दोन्ही अर्थांनी चालत होता. पतंजलींच्या योगसूत्रांत मैत्री-करुणा-मुदितेच्या पंगतीला उपेक्षा बसली आहे, आणि व्यवहारात तिचा अर्थ हेळसांड असाही होता. मला याचं उत्तर आपल्या ‘बघणे’ या क्रियापदात दिसतं. ‘घर जळत होतं आणि लोक नुसते बघत राहिले’, हे एक बघणं. त्यातूनच ‘बघे’ आले. ‘आजीला आता धाकटी सून बघते’, हे दुसरं. त्यात औषधाच्या वेळा आहेत, रात्रीचं उठणं आहे. उपेक्षेच्या वाट्याला मराठीत पहिलं बघणं आलं.

पालीतली उपेक्खा मात्र कशी बघते? पाचव्या शतकात पाली भाष्यकार बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त चार मुलांच्या आईचा दृष्टान्त दिला आहे. तान्हं वाढावं, आजारी बरा व्हावा, तरुणाचं तारुण्य टिकावं असं तिला वाटतं. जो आपल्या कामाला लागला आहे, त्याची मात्र ती काळजी करीत बसत नाही. हे चौथं मन म्हणजे उपेक्खा. चौथा मुलगा तिला परका झालेला नाही, हे विसरून चालणार नाही. बुद्धघोष असंही बजावतात की अज्ञानातून आलेली बेपर्वाई ही उपेक्खेची जवळची वैरीण आहे. दिसायला सारखी, म्हणून जास्त धोक्याची. याच ग्रंथाच्या संपादनात गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात अधिष्ठानाची बैठक असते. तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. अर्ध्या तासाने गुडघ्यात कळ येते. पाय पसरावासा वाटतो, ते न करता ती कळ कुठे सुरू होते, कशी सरकते, केव्हा ओसरते हे पाहायचं. तिथे याला ‘समता’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यात पाहणं उरत नाही. कळ तर इतक्या जवळून पाहावी लागते की दुर्लक्ष करायला जागाच राहत नाही. तिच्यावर चिडण्यातून तेवढी सुटका होते.

बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली निघालेल्या ग्रंथात उपेक्खेचा अर्थ देताना तिला बेफिकिरीपासून मुद्दाम वेगळं काढलं आहे. आवडनावड नको, फळाने डगमगायचं नाही, तरी काम सोडायचं नाही, असा तो अर्थ. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मराठीतली उपेक्षा सोसली, त्याच्या हाती हा शब्द देताना एवढी काळजी घ्यावीच लागणार होती.

म्हणून भाषांतरकारांना माझी एक विनंती आहे. चौथ्या ब्रह्मविहाराचं नाव लिहिताना ‘क्ष’ टाळा. पालीतला ‘क्ख’ तसाच ठेवा आणि ‘उपेक्खा’ असंच छापा.