लक्षविचलन, वैमानिकाचे : लहान विमानांतील उपकरणबिघाड

उड्डाण चालू असताना एखादे उपकरण बिघडले, दिवा लागला नाही किंवा दार उघडले, आणि वैमानिकाचे सारे ध्यान त्या बिघाडातच गुंतून विमान चालवण्याचे मूळ काम मागे पडले, तर त्या अवस्थेला लक्षविचलन म्हणतात. मोठ्या प्रवासी विमानांतही ते घडते. परंतु एक-दोन इंजिनांच्या, चार ते सहा आसनी विमानांत ते विशेष घातक ठरते. तेथे वैमानिक बहुधा एकटा असतो. बिघाड पाहायचा त्यानेच, नियंत्रकाशी बोलायचे त्यानेच आणि विमान सावरायचेही त्यानेच. अशा अपघातांचा नंतर तपास होतो तेव्हा पुष्कळदा आढळते, की मूळ बिघाड क्षुल्लक होता आणि तो तसाच राहू दिला असता तरी विमान सुखरूप उतरले असते.

दार उघडण्याचे उदाहरण यासाठी नमुनेदार आहे. पायपर चेरोकी या विमानाला एकच दार असते, तेही उजव्या बाजूला, आणि त्याला दोन खिट्ट्या असतात : एक बाजूची, एक वरची. वरची खिट्टी लावायची राहिली, तर धावपट्टी सोडता सोडता दाराची वरची कड काही इंच बाहेर येते. वारा भसाभस आत घुसतो, नकाशे व कागद उडतात, कानांवर एकाएकी मोठा आवाज आदळतो. विमान मात्र उडत राहते. चढण्याचा वेग थोडा घटतो, एवढेच. डावीकडे बसलेल्या वैमानिकाला दार लावायचे, तर शेजारच्या आसनावरून ओणवे होऊन डोक्याच्या वरच्या खिट्टीपर्यंत हात न्यावा लागतो. तेवढ्यात दुसऱ्या हातातील नियंत्रणदांडा मागे ओढला जातो, नाक वर होते आणि वेग उतरतो. जमिनीपासून चार-पाचशे फुटांवर हे घडले, तर सावरायला उंचीच उरत नाही. सुरक्षित उंची गाठून, वेग कमी करून दार लावावे किंवा सरळ फेरी मारून उतरावे, हेच योग्य. सेस्नामध्ये याचे आणखी एक रूप दिसते : आसनपट्ट्याचे टोक दाराबाहेर राहते आणि उड्डाणात त्याचे धातूचे बक्कल पत्र्यावर धडाधड आपटू लागते. ऐकणाऱ्याला इंजिनच मोडले असे वाटते.

वेग उतरणे एवढे धोक्याचे का, हे समजण्यासाठी स्टॉलची कल्पना हवी. पंखावरून वाहणाऱ्या हवेशी पंखाचा कोन मर्यादेपलीकडे गेला, की उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. वळणात तो अधिक वेगाला येतो. 45 अंश कललेल्या, उंची राखणाऱ्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांत सुमारे 41 टक्क्यांनी. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात विमान खाली, संथ आणि कललेले असते. वैमानिकाची नजर नेमकी त्याच वेळी एखाद्या न लागलेल्या दिव्याकडे गेली, तर हे सारे एकत्र येते.

चाके आत ओढून घेता येणाऱ्या विमानांत हा दिवा फार सतावतो. तीन चाकांचे तीन हिरवे दिवे लागले, की चाके खाली येऊन पक्की बसली असे समजायचे. काही विमानांत पॅनेलचे दिवे चालू असले, की हे हिरवे दिवे आपोआप मंद होतात. रात्री डोळे दिपू नयेत म्हणून ही सोय. पण दिवसा तो खटका चुकून चालू राहिला, तर भर उन्हात एकही हिरवा दिवा दिसत नाही आणि चाके अडकली असे वाटून धांदल उडते. अनेक विमानांत दिवे एकसारखे असल्याने शेजारचा पेटता बल्ब काढून संशयित जागी बसवून पाहता येतो. मात्र हा उद्योग सरळ, समतल उड्डाणात करायचा असतो.

या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध अपघात लहान विमानाचा नव्हे. 29 डिसेंबर 1972 च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे उड्डाण 401 मायामीला उतरताना पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. विमान 2,000 फुटांवर ऑटोपायलटच्या स्वाधीन करून कॉकपिटमधील सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. फ्लाइट इंजिनिअर चाक पाहायला खाली उतरला. बहुधा नियंत्रणदांड्यावर नकळत दाब पडून उंची राखण्याची योजना सुटली आणि विमान हळूहळू उतरू लागले. उंची ढळल्याची घंटी वाजली. कोणाचेच लक्ष गेले नाही. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत विमान कोसळले. विमानातील 176 पैकी 101 जण मरण पावले. चाक खाली पक्के बसलेले होते. जळाले होते ते बल्ब. चार जाणती माणसे कॉकपिटमध्ये असताना हे घडले, म्हणूनच एकट्या वैमानिकासाठी हे उदाहरण फार बोलके आहे.

ढगांत किंवा अंधारात बिघडलेले उपकरण दार-दिव्यांपेक्षा वेगळ्या जातीचे असते, कारण तेथे ते खोटे सांगते. जुन्या धाटणीच्या लहान विमानांत कृत्रिम क्षितिज (विमान किती कलले आहे हे दाखवणारे उपकरण) आणि दिशादर्शक यांचे जायरो, म्हणजे वेगाने फिरणारी चक्रे, इंजिनावरील निर्वात पंपाच्या ओढीने फिरतात. कोरड्या पंपातील ग्रॅफाइटची पाती पूर्वसूचना न देता तुटतात. जायरो मात्र लगेच थांबत नाही. तो मंदावत जातो आणि क्षितिजाची रेषा सावकाश कलते. वैमानिक तिच्यामागोमाग विमानही कलवतो. उरलेल्या उपकरणांशी ताळा जुळत नाही हे ध्यानात यायलाच वेळ लागतो.

16 ऑक्टोबर 2000 रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्याचे गव्हर्नर मेल कार्नाहन यांचे सेस्ना 335 विमान रात्री, खराब हवामानात कोसळले. त्यांचा मुलगा विमान चालवत होता. आपल्या बाजूचे कृत्रिम क्षितिज बिघडल्याचे त्याने नियंत्रकाला कळवले होते, आणि उजव्या आसनासमोरचे क्षितिज मान वळवून पाहत तो उडत होता. विमानातील तिघेही मरण पावले. वैमानिकाची दिशाभूल होऊन ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता. उपकरणाचा बिघाड आणि हवामान ही साहाय्यक कारणे ठरली. मुंबईकरांच्या स्मरणात असाच एक अपघात आहे, मात्र महाकाय विमानाचा. 1 जानेवारी 1978 रोजी सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे बोइंग 747 ‘एम्परर अशोका’ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले व 213 जण दगावले. कप्तानासमोरचे क्षितिज चुकीचे दाखवत होते. दुसऱ्या वैमानिकासमोरील उपकरण आणि राखीव उपकरण यांच्याशी ताडून पाहण्याइतका वेळ मिळाला नाही, किंवा तो घेतला गेला नाही.

वेळ किती असतो, याचा एक जुना अंदाज उपलब्ध आहे. इलिनॉय विद्यापीठात 1954 मध्ये उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या 20 जणांना बाहेरचे दृश्य झाकून उडवण्यात आले. ताबा सुटण्यास सरासरी 178 सेकंद लागले. सर्वांत लवकर सुटला तो 20 सेकंदांत.

अलीकडच्या विमानांत गोल घड्याळांच्या जागी काचेचे पडदे आले. जायरो गेले, पण लक्ष वेधणाऱ्या सूचना वाढल्या. मांडीवरचा टॅबलेट उन्हात तापून बंद पडणे हाही आता बिघाडच मानावा लागतो.

उपाययोजनेचा गाभा वैमानिक पहिल्याच धड्यात शिकतात : आधी विमान उडवा, मग मार्ग पाहा, मग बोला. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की प्रथम पंख समतल, वेग व उंची कायम. ऑटोपायलट ठीक असेल तर तो लावायचा, पण त्याच्यावर नजर ठेवायची. आणि त्यानंतर चेकलिस्ट. खोटे दाखवणारे क्षितिज कागदाने झाकून टाकतात, म्हणजे नजर सवयीने तिकडे जात नाही. उडालेला सर्किट ब्रेकर अत्यावश्यक असेल तरच, तोही एकदाच, पुन्हा दाबतात. नियंत्रकाला ‘थांबा’ म्हणण्यात कमीपणा नाही.

अमेरिकेत 1981 पासून 10,000 फुटांखाली विमान कंपन्यांच्या वैमानिकांना अनावश्यक कामे व बोलणे वर्ज्य आहे. खासगी विमानांना हा नियम लागू नाही. तेथे भिस्त प्रशिक्षणावर. अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाच्या स्टॉलविषयक मार्गदर्शनात शिक्षकाने मुद्दाम व्यत्यय आणावा असे सांगितले आहे : विमान संथ उडत असताना पेन्सिल खाली टाकून विद्यार्थ्याला ती उचलायला लावणे, मागच्या आसनावरची वस्तू मागणे, बाहेरचे तापमान वाचायला सांगणे. पेन्सिल हाती आली की नाही, याला तेथे महत्त्व नसते. तेवढ्या वेळात विमानाचा वेग किती राहिला, हे पाहायचे असते.