डाकेच्या कुळातली पेटी

आकुर्डीतल्या आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला साबणदाणीएवढी एक पेटी बांधलेली आहे. वर वीतभर सोलर पॅनल, बाजूला अँटेना. काम एकच. देहूरोडकडून आलेला चार ओळींचा निरोप ऐकायचा आणि पिंपरीकडच्यांना पोचावा म्हणून पुन्हा बोलायचा. आम्ही तिला रिपीटर म्हणतो. नाव इंग्रजी असलं तरी कूळ ओळखीचं आहे: डाकेचं.

डाक म्हणजे मुळात पत्र नव्हे. टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाचे घोडे किंवा माणसं उभी ठेवायची, ती व्यवस्था म्हणजे डाक. एक जासूद दमला की दुसरा थैली उचलतो. 'डाकबंगला' या शब्दात तो टप्पा अजून शिल्लक आहे. फ्रेंचमधून आलेला 'रिले' हा शब्दही वाटेत बदलायच्या घोड्यांचाच. १८३०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ हेन्री आणि इंग्लंडात एडवर्ड डेव्ही यांनी हीच रीत विजेला लावली. लांबून थकून आलेल्या प्रवाहानं फक्त एक चुंबक हलवायचं आणि पुढचा पल्ला दुसऱ्या बॅटरीच्या ताज्या प्रवाहानं मारायचा.

तारेला दोन टोकं असतात, म्हणून तिथे हे सोपं. हवेला टोकच नाही. एमिल ग्वारिनी यानं १८९९मध्ये बिनतारी रिपीटरची कल्पना मांडली आणि १९०१मध्ये ब्रसेल्स ते अँटवर्पच्या वाटेवर, मेखेलेनला, ती करून पाहिली. तिथून एक प्रश्न या कुळाच्या मागे लागला: आपणच मोठ्यानं बोलत असताना लांबची कुजबुज ऐकायची कशी?

पहिलं उत्तर म्हणजे जागा वेगळी ठेवा. १९२७मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बीम वायरलेस सुरू झालं, तेव्हा प्रक्षेपण खडकीहून होई आणि ऐकण्याचं केंद्र दौंडला होतं. मध्ये पाऊणशे किलोमीटर. हे काही रिपीटर नव्हते, पण धडा तोच.

दुसरं उत्तर, सूर वेगळा ठेवा. चाकणवरून नाशिक रस्त्यानं पुढे गेलं की नारायणगावजवळ आर्वी लागतं. तिथलं उपग्रह भू-केंद्र १९७२चं. असला दळणवळणाचा उपग्रह म्हणजे आकाशात टांगलेला रिपीटरच. तो साधारण ६ गिगाहर्ट्झवर ऐकतो आणि ४ गिगाहर्ट्झवर बोलतो, म्हणून स्वतःच्याच आवाजानं बहिरा होत नाही.

आमच्या पेटीला यातलं काहीच परवडत नाही. तिला एकच जागा आणि एकच सूर, तोही सामाईक. भारतात २००५मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला झाला आणि २०२१मध्ये तो ८६८पर्यंत वाढला. सामाईक विहिरीवर असते तशी इथेही झुंबड. तिला उरतं तिसरं उत्तर: वेळ. १९७१मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या 'अलोहा' जाळ्यानं ते वापरलं. वाटेल तेव्हा बोला. टक्कर झालीच तर कमीजास्त थांबून पुन्हा बोला. पण हिशेब केला तर अशा मोकाट बोलण्यात वाहिनीचा जेमतेम १८ टक्के वेळ सार्थकी लागतो.

२०२०मध्ये आलेल्या आणि आमच्या पेटीत चालणाऱ्या 'मेशटॅस्टिक' या खुल्या प्रणालीनं त्यात शिस्त आणली. निरोप ज्याला क्षीण ऐकू आला, तो बहुधा लांबचा. त्यानं आधी बोलायचं. ज्याला खणखणीत ऐकू आला, त्यानं थांबायचं आणि तेवढ्यात कुणी तो निरोप पुढे नेलाच, तर गप्प बसायचं. एरवी तीन उड्यांत निरोपाचा प्रवास संपतो.

आमची पहिली पेटी मात्र जवळजवळ बहिरी होती. अँटेना उंच केली तर आणखी बिघडलं. कारण समोरच्या इमारतीवर निघालं: मोबाइल टॉवरचा एक पट्टा ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, आमच्या अगदी भिंतीला भिंत लावून. मध्ये फिल्टर बसवल्यावर देहूरोड ऐकू आलं.

मग श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात चौथ्या दिवशी बॅटरी बसली. वाटलं, बोलणं फार होतंय. कागदावर मांडलं तर उलटंच निघालं. 'एसएक्स १२६२' ही रेडिओ चिप पूर्ण जोरात बोलताना सुमारे ११८ मिलिअँपिअर घेते आणि ऐकताना पाचच. पण बोलणं दिवसाच्या एक टक्का धरलं, तरी त्याचे होतात २८ मिलिअँपिअर-तास. चोवीस तास कान लावून बसण्याचे १२०. म्हणजे बॅटरी खातं ते वाट पाहणं, आणि त्यात पेटीचा मेंदूही सतत जागा. आता पेटीतला वायफाय-ब्लूटूथवाला मेंदू काढून कमी खाणारा बसवला आहे. रेडिओ ऐकत राहतो, बाकीचं सगळं निरोप आल्यावरच जागं होतं.

हल्ली चिंचवडच्या एका उंच इमारतीवर दुसरी पेटी आली. देहूरोडचा निरोप तिला क्षीण पोचतो, म्हणून ती आधी बोलते आणि आमची गप्प राहते. शेजारचे काका विचारतात, "बंद पडली असेल तर काढून का टाकत नाही?" मागच्या आठवड्यात चिंचवडची पेटी दोन दिवस बंद होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही. निरोप आकुर्डीवरून जात राहिले. दमलेल्या जासुदाची थैली उचलायला चौकीवर कुणीतरी बसलेलं लागतंच.