ऑसिलोस्कोपच्या पोटातले रीळ

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीचा ऑसिलोस्कोप घेणाऱ्याने त्याचे बाजूचे पत्रे काढले, तर व्हॉल्व्हच्या रांगांजवळ त्याला सोल्डरच्या तारेचे एक छोटे रीळ बसवलेले दिसे. ते कोणी चुकून विसरलेले नव्हते. या यंत्रातले सुटे भाग खाचा पाडलेल्या सिरॅमिक पट्ट्यांवर जोडलेले असत आणि त्या खाचांना आतून चांदीचा थर असे. शिसे-कथिलाचा नेहमीचा डाख तिथे पुन्हापुन्हा लावला, तर तो चांदी विरघळवून घेतो आणि जोड पट्टीवरून सुटतो. त्यासाठी सुमारे ३ टक्के चांदी मिसळलेले सोल्डर लागे. ते प्रत्येक गावात मिळेल याची खात्री नसल्याने कंपनीने ते यंत्रातच ठेवले. हे यंत्र कधीतरी बिघडेल, कोणीतरी ते उघडेल आणि त्याला हे लागेल, एवढा विचार त्या रिळामागे होता.

हा विचार कुठून आला आणि पुढे त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. ऑसिलोस्कोप हे डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखे यंत्र. सर्किटमधला वीजदाब क्षणाक्षणाला कसा बदलतो, ते तो पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवतो. रेडिओ, रडार, संगणक यांतला दोष त्याच्या मदतीने शोधला जातो. पण तोच आजारी पडला, तर त्याची नाडी कोणी पाहायची?

टेक्ट्रॉनिक्सच्या संस्थापकांना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. जॅक मर्डॉक यांचे ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात रेडिओ व घरगुती उपकरणांचे दुकान होते. रीड कॉलेजातून १९३६ साली भौतिकशास्त्राची पदवी घेतलेले हॉवर्ड व्हॉलम त्या दुकानात रेडिओ दुरुस्त करीत. दुसऱ्या महायुद्धात व्हॉलम यांनी अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये रडारवर काम केले. युद्धानंतर, १९४६च्या जानेवारीत या दोघांनी साथीदारांसह कंपनी काढली. १९४७ साली ७९५ डॉलर किमतीचा ‘५११’ हा त्यांचा पहिला ऑसिलोस्कोप बाजारात आला. म्हणजे ज्यांनी हे यंत्र घडवले, त्यांच्यातल्या एकाने आधी गिऱ्हाइकाचे बंद पडलेले रेडिओ उघडून पाहिलेले होते.

रेडिओच्या धंद्यात तोवर दुरुस्तीच्या पुस्तकांची परंपरा रुजली होती. जॉन रायडर यांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या रेडिओंच्या सर्किट-आकृत्या एकत्र करून त्यांचे जाडजूड खंड १९३०च्या दशकात काढले होते. मापनयंत्रांच्या कंपन्यांनी पुढचे पाऊल टाकले आणि दुरुस्तीची पुस्तिका यंत्राबरोबरच दिली. टेक्ट्रॉनिक्स आणि ह्यूलेट-पॅकार्ड या दोन्ही कंपन्यांच्या त्या काळच्या पुस्तिका आजही अभ्यासाव्यात अशा आहेत. सर्किट कसे चालते याचे सविस्तर विवेचन, देखभाल, दोषशोधन, अंशांकनाची पद्धत, प्रत्येक भागाचा क्रमांक आणि शेवटी घडीच्या मोठ्या पानांवर संपूर्ण आकृती. आकृतीतल्या महत्त्वाच्या बिंदूंवर किती व्होल्ट असावेत ते छापलेले असे. पडद्यावर कोणती लहर दिसावी, तिचेही चित्र असे.

या छापील आकड्यांचे मोल दुरुस्ती करणाऱ्यालाच कळते. बिघडलेल्या सर्किटमध्ये एखाद्या ठिकाणी ६८ व्होल्ट मिळाले, तर तो दोष की योग्य अवस्था, हे नुसते पाहून सांगता येत नाही. तिथे किती असायला हवेत, हे मुळात ठाऊक असावे लागते. अनेक पुस्तिकांत याहून बारीक सूचना असे: हे आकडे व्होल्टला २०,००० ओहम रोध असलेल्या मीटरने घेतलेले आहेत. कारण मीटरही सर्किटमधून थोडा प्रवाह ओढतो आणि जे मोजायचे तेच बदलतो. मीटर वेगळा असेल, तर निरोगी सर्किटही आजारी वाटू शकते.

शोधाचा क्रमही ठरलेला असे. आधी वीजपुरवठा तपासायचा, कारण त्यावर बाकी सगळे अवलंबून. मग दोष कोणत्या विभागात आहे ते हेरायचे. सर्वांत अवघड प्रकरण फेऱ्यात जोडलेल्या सर्किटचे. पडद्यावरचा ठिपका डावीकडून उजवीकडे नेणाऱ्या विभागात शेवटच्या टप्प्याचा संकेत पहिल्या टप्प्याकडे परत जातो. त्यातला एक भाग बिघडला की सगळ्याच बिंदूंवरचे आकडे चुकतात आणि चोर कोण, साव कोण, ते कळेनासे होते. अशा वेळी तो फेरा एका ठिकाणी तोडून टप्पे एकेक करून तपासावे लागतात.

भारतात या पुस्तिकांचे महत्त्व अधिकच होते. १९९१पूर्वीच्या परवाना आणि परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात आयात केलेले यंत्र बिघडले की नवे मागवणे सोपे नव्हते. पुस्तिका, हाताशी असलेला मीटर आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळणारे पर्यायी भाग, यांवर यंत्राचे पुढचे आयुष्य अवलंबून राही.

१९७०च्या दशकात मायक्रोप्रोसेसर यंत्रांत शिरला आणि ही रीत अपुरी पडू लागली. अंकीय तारेवर शून्य आणि एक यांची धावती रांग असते. तिचा वीजदाब मोजून काही उमगत नाही. ह्यूलेट-पॅकार्डने १९७७ साली ‘५००४ए’ हा सिग्नेचर ॲनालायझर आणून त्यावर तोड काढली. एखाद्या बिंदूवरून जाणारी ती लांबलचक रांग हे उपकरण चार अक्षरांच्या एका ‘सही’त बसवी. आकृतीवर प्रत्येक बिंदूची बरोबर सही छापलेली असे. ती जुळली नाही, तर दोष तिथे किंवा त्याच्या आधी. मात्र ही सोय आयत्या वेळी करता येत नसे. यंत्राची रचना करतानाच तिची तजवीज ठेवावी लागे. दुरुस्ती शक्य आहे की नाही, हे यंत्र बिघडण्याच्या कितीतरी आधी, रचनाकाराच्या टेबलावर ठरते.

नंतरचा बदल त्याच टेबलावर झाला. वेग वाढवण्यासाठी कंपन्या स्वतःच्या खास चिप बनवू लागल्या. टेक्ट्रॉनिक्सच्या १९८०च्या दशकातल्या नावाजलेल्या २४६५ या ऑसिलोस्कोपची पुस्तिका पूर्ण आकृतीसह मिळे. पण त्यातली ‘यू८००’ ही खास चिप गेली, तर आज दुसऱ्या मोडक्या यंत्रातून काढून आणण्यावाचून सहसा इलाज उरत नाही. त्या घराण्यातल्या काही यंत्रांत अंशांकनाचे आकडे बॅटरी आत कोंडलेल्या स्मृतिचिपमध्ये असतात. बॅटरी संपली की यंत्र स्वतःचे माप विसरते. पुढे पुस्तिकांतून सर्किट-आकृत्याच जाऊ लागल्या आणि आख्खे कार्ड बदलणे हीच दुरुस्ती झाली.

यात नुसते पैसे गेले नाहीत. अमेरिकेतले नामवंत ॲनालॉग रचनाकार जिम विल्यम्स जुने ऑसिलोस्कोप आवडीने दुरुस्त करीत. दुरुस्तीचे महत्त्व सांगणारा एक लेखही त्यांनी लिहिला आहे. दुसऱ्याच्या बिघडलेल्या सर्किटशी झुंजताना रचना शिकता येते, हा त्यांचा अनुभव. २०११ साली त्यांच्या निधनानंतर त्यांचे पसाऱ्याने भरलेले कामाचे टेबल कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहास संग्रहालयात मांडले गेले. त्या अर्थाने पुस्तिका ही एक शाळाच होती, आणि ती शाळा हळूहळू बंद होत गेली.

भारत सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेती अवजारे, मोबाईल व तत्सम उपकरणे, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने, अशी चार क्षेत्रे तिने विचारात घेतली. प्रयोगशाळा, तंत्रनिकेतने आणि छोट्या कारखान्यांतली मापनयंत्रे त्या यादीत नाहीत. ज्या उपकरणांच्या जोरावर बाकी सगळे दुरुस्त होते, त्यांचा विचार तिथे राहून गेला आहे. हा हक्क मागताना सुट्या भागांबरोबर प्रत्येक बिंदूवर किती व्होल्ट असावेत, हे सांगणारे पानही मागायला हवे. सोल्डरचे रीळ आज कोणत्याही दुकानात मिळते. ते पान मात्र यंत्र बनवणाऱ्यानेच द्यावे लागते.