तळघरातला धूर

शाळेत संगणकाची खोली करायची ठरली, की आपण बहुधा दाराला कुलूप नीट लागते का आणि छत गळते का, एवढेच पाहतो. तारा कुठून आत येतात, कशावर कशाचे वेष्टण आहे, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांचा धंदाच तारांचा होता, त्यांचेही एकेकाळी ते पुरेसे गेले नव्हते.

न्यूयॉर्कमध्ये सेकंड अ‍ॅव्हेन्यू आणि तेराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक अकरा मजली टेलिफोन एक्स्चेंज होते. रस्त्याखालून येणाऱ्या केबल तळघरात गोळा होत आणि प्रत्येक मजल्याच्या जमिनीत ठेवलेल्या फटींमधून वर चढत. २७ फेब्रुवारी १९७५ रोजी मध्यरात्र उलटल्यावर या तळघरात आग लागली. इमारत भक्कम होती, ती पडली नाही. पण केबलसाठी ठेवलेल्या वाटाच आगीला आणि धुराला वर जायला उपयोगी पडल्या. पहिल्या मजल्यावर प्रत्येक ग्राहकाची तारांची जोडी यंत्राला जोडणारी भली मोठी चौकट होती. ती जळून गेली.

आता धुराकडे वळू. जुन्या केबलमध्ये तारेभोवती कागद आणि बाहेर शिशाचे कवच असे. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी पीव्हीसी मऊ, लवचिक करण्याची युक्ती शोधली आणि पुढे तारांच्या वेष्टणासाठी ते सर्वत्र आले. स्वस्त, टिकाऊ, आणि लवकर पेटत नाही हा मोठाच गुण. हा गुण येतो क्लोरीनमुळे. पीव्हीसीच्या एका घटकात दोन कार्बन, तीन हायड्रोजन आणि एक क्लोरीन असतो. अणुभार मांडून मुलांकडून हिशेब करून घ्या : वजनाच्या जवळजवळ ५७ टक्के क्लोरीनच निघतो! (हिशेबच करा, वर्गात पीव्हीसी जाळून मात्र दाखवू नका.) हा क्लोरीन आगीला अडवतो खरा, पण एकदा मोठी आग पेटली की तोच हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन बाहेर पडतो. ओलावा भेटला की त्याचे आम्ल होते. ओलावा फुफ्फुसात असतो, आग विझवायला मारलेल्या पाण्यातही असतो. म्हणून जिथे ज्वाळा पोचल्याही नव्हत्या, तिथल्या यंत्रांचे धातूचे भागही गंजायला लागतात.

सुमारे १ लाख ७० हजार टेलिफोन मुके झाले. त्यांत रुग्णालये होती, पोलीस ठाणी होती, खुद्द अग्निशामक केंद्रेही होती. कंपनीने देशभरातून माणसे आणि सामान आणून अहोरात्र काम केले आणि तीन आठवड्यांच्या थोड्या वर सेवा पूर्ववत केली. त्याचे फार कौतुक झाले.

तरीही ८ मे १९८८ रोजी शिकागोजवळच्या हिन्सडेल गावातले एक्स्चेंज जळाले. रविवार होता, इमारतीत माणूस नव्हता. आपोआप पाणी फवारणारी व्यवस्थाही नव्हती. धोक्याची सूचना गेली ती दूरच्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या नियंत्रण कक्षात, आणि गावच्या अग्निशामक दलाला खबर पोचायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला! एक्स्चेंजमधला दाब जेमतेम ४८ व्होल्ट, हात लावला तरी सहसा झटका बसत नाही. पण मागे शिशाच्या प्रचंड बॅटऱ्या असतात, त्यांतून मोठा प्रवाह वाहू शकतो. वेष्टण खराब झालेली तार दुसऱ्या केबलच्या धातूच्या कवचाला टेकली, तर पेट घ्यायला तेवढे पुरते. वीज तोडायलाही जवानांना बराच वेळ लागला, कारण टेलिफोन बंद पडू नयेत म्हणून ती सहज तुटणार नाही अशीच रचना होती. सुमारे ३५ हजार ग्राहकांचे टेलिफोन गेले, शिकागोच्या विमानतळांवरच्या उड्डाणांनाही फटका बसला.

एक्स्चेंजची जागा तयार करताना केबलच्या फटी आग न धरणाऱ्या पदार्थाने बंद करणे, कमी धूर देणारे वेष्टण वापरणे, वीज तोडण्याची जागा ठळक ठेवणे, या गोष्टींवर आज भर असतो. त्यामागे या दोन आगींचा मोठा वाटा आहे.

१९७५ च्या आगीत एकही माणूस दगावला नाही, असे तेव्हा समाधानाने सांगितले गेले. सुमारे सातशे जवान त्या धुरात लढले होते. पुढे त्यांच्यापैकी अनेकांना कर्करोग झाला. दलाने त्या जवानांच्या वैद्यकीय कागदांवर लाल सफरचंदाचा शिक्का मारून ठेवला होता. त्यांच्या प्रकृतीचा पद्धतशीर पाठपुरावा मात्र झाला नाही.