जोगलटेंभी नाणेनिधी

क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा महाराष्ट्रातील मोठा निधी. नाशिक जिल्ह्यात गोदावरी व दारणा यांच्या संगमाजवळील जोगलटेंभी गावी तो १९०६ मध्ये सापडला. त्यात १३,२५० हून अधिक नाणी होती. एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

नाण्यांच्या दर्शनी बाजूस राजाचे मुख व भोवती ग्रीक अक्षरांतील लेख, तर मागील बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपले ठसे पुन्हा उमटविले : एका बाजूस कमानींचा चैत्य व स्वतःचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. क्षहरातांच्या उच्छेदाचा नाशिक येथील लेण्यातील उल्लेख या नाण्यांनी पुष्ट होतो.

अशा पुनर्मुद्रित नाण्याची संग्रहात भर घालताना वरच्या ठशाखाली उरलेली मूळ अक्षरेही वाचावी लागतात. वजन, व्यास व सापडल्याचे ठिकाण यांची नोंद आवश्यक असते. ठिकाण हरवल्यास नाण्याचे पुरावामूल्य घटते. घासून किंवा आम्लाने साफ केल्यास पुसट खुणा नष्ट होतात. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याने घातले आहे.