टोपीवाला वेडा का म्हणून?

आपल्याकडे माणूस शेळपट असतो, कोल्ह्यासारखा लबाड असतो, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसतो. इंग्रजांचीही अशी खाण आहे: घुबडासारखा शहाणा, खेचरासारखा हट्टी, बीव्हरसारखा कामसू. आज त्यातली एकच उपमा घेऊ, ‘मॅड ॲज अ हॅटर’. म्हणजे टोपीवाल्यासारखा वेडा. जनावरांचं समजतं हो, पण टोप्या करणाऱ्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

बहुतेकांना आठवतो लुईस कॅरलच्या ॲलिसमधला टोपीवाला. पुस्तक १८६५चं. गंमत अशी, की त्या पुस्तकात ‘मॅड हॅटर’ हे नाव कुठेच नाही. तो नुसता ‘हॅटर’ आहे, वेडा आहे हे मांजर सांगतं. त्याच्या शेजारी चहाला बसलेला मार्चमधला ससाही असाच एका म्हणीतून उचललेला, आणि ते दात विचकणारं चेशायरचं मांजरसुद्धा. कॅरलनं लोकांच्या तोंडातल्या उपमा घेतल्या आणि त्यांना हातपाय फोडले. टोपीवाल्याची उपमा १८२९ सालीच एडिनबर्गच्या ब्लॅकवूड मासिकात छापून आलेली सापडते. पुढे कॅनडातल्या हॅलिबर्टननं ती वापरली, पण वेडी नव्हे, रागावलेली या अर्थानं.

आता कारखान्यात जाऊ. फेल्टची टोपी, आपण ज्याला नमदा म्हणतो त्याची, सशाच्या किंवा बीव्हरच्या लवेपासून बनायची. ही लव गुळगुळीत असते, एकमेकीत गुंतत नाही. म्हणून पारा नायट्रिक आम्लात विरघळवून तो द्राव कातड्यावर ब्रशनं फासत. केस खरखरीत होत आणि टोकं नारिंगी पडत, म्हणून या कामाला कारागीर ‘गाजर करणं’ म्हणत. पुढे तीच लव वाफेत, गरम पाण्यात दाबायची, इस्त्रीखाली घालायची. प्रत्येक पायरीवर पाऱ्याची वाफ. थंडीत दारं-खिडक्या बंद. दहा-दहा तास तीच हवा छातीत.

पाऱ्यानं आधी हात थरथरतात. मग हिरड्या सुजतात, दात हलतात, लाळ गळते. अक्षर बिघडतं, शर्टाचं बटण लावता येत नाही. आणि स्वभाव बदलतो. माणूस विनाकारण लाजतो, कुणी पाहत असलं की कामच सुधरत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून भडकतो, झोप उडते. १८६० साली न्यू जर्सीत जे. ॲडिसन फ्रीमन या डॉक्टरनं टोपी कामगारांच्या या आजारावर लिहिलं होतं. म्हणजे ॲलिसच्या पाच वर्षं आधी. कनेटिकटमधलं डॅनबरी हे टोप्यांचं गाव. तिथे या थरथरीला ‘डॅनबरी शेक्स’ असंच नाव पडलं होतं. गावाच्या नावानं आजार ओळखला जातो आणि तरी कारखाने चालू राहतात! अमेरिकेत टोप्यांसाठी पारा थांबला तो १९४१च्या डिसेंबरात.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. म्हण पाऱ्यावरूनच आली, हे छातीठोकपणे सांगणारे बरेच आहेत. त्याला पक्का पुरावा नाही. १९८३ साली वॉल्ड्रन या डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उलटा मुद्दा मांडला: कॅरलचा टोपीवाला बडबड्या, आगाऊ, मिरवणारा, पाऱ्याचा रोगी मात्र बुजरा, लपणारा. मला हा मुद्दा पटतो. म्हणीचा उगम काहीही असो, कारागिरांचा आजार तर खरा होता, आणि लोक हसत होते ते वेगळ्याच टोपीवाल्याला.

पारा अजून आपल्यातून गेलेला नाही. तमिळनाडूत कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या कचऱ्यावरून २००१ साली बंद झाला. तिथल्या जुन्या कामगारांशी तडजोड झाली ती २०१६ साली.