चंदनतेल ते सिंप्युटर : बंगळूरमधील संशोधन आणि उद्योग

विद्यापीठीय संशोधनातून उद्योग उभा राहणे ही बंगळूरपुरती माहिती-तंत्रज्ञान युगाची देणगी मानली जाते. या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. जमशेटजी टाटा यांच्या संकल्पातून व म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. १९११ मध्ये तिथे विद्यार्थी आले आणि त्यानंतर पाचच वर्षांत तिथल्या प्रयोगशाळेतले काम कारखान्यात पोहोचले.

तो कारखाना चंदनतेलाचा होता. टिपू सुलतानाच्या काळापासून म्हैसूरच्या चंदनावर राज्यसत्तेचा हक्क होता. लाकूड लिलावात विकले जाई आणि त्याचे तेल मुख्यत्वे युरोपात, विशेषतः जर्मनीत, काढले जाई. १९१४ मध्ये महायुद्ध पेटताच ही बाजारपेठ बंद झाली व लाकूड पडून राहू लागले. तेल इथेच काढावे, या विचाराने संस्थानचे उद्योग संचालक आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विज्ञान संस्थेकडे धाव घेतली. तिथले प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनी ऊर्ध्वपातनाचे प्रयोग करून प्रक्रिया बसवून दिली आणि १९१६ मध्ये बंगळूरला सरकारी कारखाना सुरू झाला. दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचे जनक म्हणून मराठी वाचकाला ते परके नाहीत. पुढे याच तेलातून म्हैसूर सँडल साबण आला. त्या साबणाची वडी हातात घेणाऱ्या किती जणांना तिचे मूळ एका रसायनशाळेत आहे हे ठाऊक असेल?

या यशाचे श्रेय केवळ रसायनशास्त्राला देणे एकांगी ठरेल. कच्चा माल दरबाराच्या मालकीचा, भांडवल दरबाराचे आणि तोट्याची जोखीमही दरबाराचीच होती. तेलाला जगात गिऱ्हाईकही आधीपासून होते. संशोधकांना फक्त संशोधन करावे लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात संस्थेने उद्योगांना सल्ला देण्यासाठी १९७५ मध्ये स्वतंत्र केंद्र काढले, तर १९९१ मध्ये 'सोसायटी फॉर इनोव्हेशन अँड डेव्हलपमेंट' स्थापली. तथापि प्राध्यापकानेच उद्योजक व्हावे ही कल्पना रुजायला शतकाची अखेर उजाडली.

सिंप्युटरची कथा इथून सुरू होते. विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे संस्थेतील चार संगणकशास्त्रज्ञ आणि एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीतील विनय देशपांडे प्रभृती तंत्रज्ञ एकत्र आले. निरक्षर माणसालाही वापरता येईल, भारतीय भाषांत बोलेल आणि साधारण नऊ हजार रुपयांत मिळेल असा हातात मावणारा संगणक त्यांना हवा होता. यंत्र महाग वाटल्यास गावाने एकच घ्यावे व प्रत्येकाने आपले स्मार्ट कार्ड त्यात घालावे, ही योजना तर विशेष कल्पक होती. २००१ मध्ये नमुना जाहीर झाला. आराखडा एका न्यासाच्या स्वाधीन करून माफक शुल्कात कोणाही उत्पादकाला खुला ठेवण्यात आला. संशोधकांच्याच पिकोपेटा कंपनीने भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने २००४ मध्ये 'अमिडा' सिंप्युटर बाजारात आणला. विक्री मात्र अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही.

सिंप्युटरमागे दरबार नव्हता, ही या दोन घटनांमधली खरी तफावत आहे. ज्या ग्रामस्थासाठी यंत्र घडवले त्याच्याकडे ते घेण्याची ऐपत नव्हती आणि त्याच्या वतीने घाऊक खरेदी करण्याइतका उत्साह शासनसंस्थांनी दाखवला नाही. दरम्यान स्वस्त झालेला मोबाइल फोन खेड्यात पोहोचला. तंत्राची उणीव हे अपयशाचे मुख्य कारण मानणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

याच चौघांनी २००० मध्ये 'स्ट्रँड जिनॉमिक्स' ही कंपनीही काढली होती. जनुकीय माहितीचे संगणकीय विश्लेषण हा तिचा विषय, आणि तिचे ग्राहक औषधकंपन्या व प्रयोगशाळा, म्हणजे पैसे मोजू शकणारे. स्ट्रँड टिकली, पुढे ती कर्करोगाच्या जनुकीय चाचण्यांकडे वळली आणि २०२१ मध्ये रिलायन्स समूहाने तिचा सुमारे ८० टक्के हिस्सा ३९३ कोटी रुपयांना विकत घेतला.